हळर्णच्या खाज्याचं लेबल

“गुळात दुसरं काही नसतं ना गं, वर्षा?”

नीलम टीचर खाज्याचं पाकीट उलटसुलट करत उभ्या होत्या. मी खाली बसून बिस्किटांचा खोका फोडत होते.

“गुळात गूळच असतो, टीचर.”

“तसं नव्हे. मी कुठेतरी वाचलं. रस उकळताना त्यातली मळी वर यावी म्हणून काही ठिकाणी दूध घालतात म्हणे. खरं का ते?”

मला माहीत नव्हतं. आणि ते पाकीट ज्या शेल्फवरून त्यांनी उचललं होतं, त्या शेल्फची जबाबदारी माझी होती. मी म्हणाले, “विचारून सांगते.” त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं नाही. परत जागेवर ठेवलं, तेही सरळ रांगेत, आणि गेल्या.

मांद्र्याला आमचं दुकान आहे. बोर्डावर सुपरमार्केट असं लिहिलंय, आत चार रांगा आहेत. किनाऱ्याकडे राहायला येणाऱ्यांत व्हीगन लोक बरेच असतात. व्हीगन म्हणजे मांस-मासे तर नाहीच, पण दूध, तूप, मध, अंडी, प्राण्याकडून येणारं काहीच न खाणारे. त्यांच्यासाठी मालक उमेशबाब यांनी एक शेल्फ वेगळं केलं. त्यावर कुठला माल बसेल आणि कुठला नाही, हे ठरवण्याचं काम माझं.

मी आमोण्याची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण हे काम मी तिसरीपासून करते असं म्हटलं तरी चालेल. बाबा खताची पिशवी माझ्यापुढे धरायचे, आई औषधाची पट्टी धरायची, आणि मी मोठ्याने वाचायचे. लेबल वाचायचा पगार मिळतो, हे आईला अजून पूर्ण पटलेलं नाही. गावच्या शाळेतल्या बाईंनी मला जोडाक्षरं घोटून घेतली, त्याबद्दल मी त्यांची रोज आठवण काढते. इंग्रजी लेबलांवरचे शब्द तर जोडाक्षरांपेक्षा वाईट असतात.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. लोक पाकिटावरचा हिरवा ठिपका बघतात आणि निर्धास्त होतात. पण तो ठिपका शाकाहाराचा. त्यात दूध, तूप, मध सगळं चालतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्याला छोटं पान. ते छापायला वेगळी परवानगी लागते आणि लहान उत्पादकांकडे ती बहुधा नसते. मग उरते घटकांची यादी. सगळ्यात जास्त जे असेल ते पहिलं लिहायचं आणि उतरत्या क्रमाने पुढे जायचं, असा नियम आहे. म्हणून लोक पहिले तीन शब्द वाचतात. मी शेवटचे तीन वाचते. दूध तिथे दुसऱ्या नावाने बसलेलं असतं. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स. गोळ्यांवरची चकाकी बरेचदा शेलॅकची असते, म्हणजे लाखेच्या किड्याची. यादीच्या खाली ॲलर्जीची ओळ असते. ती वेगळी वाचायची. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याला मी माझं शेल्फ दाखवत नाही, ती ओळ दाखवते. व्हीगन माल दुधाच्या मालाच्याच मशीनवर बनलेला असू शकतो.

उमेशबाबना शेल्फवर मोठ्या अक्षरांत ‘व्हीगन’ लिहायचं होतं. परवानगीचं चिन्ह नसलेला मालही तिथे असतो म्हणून मी ते अडवलं. आता तिथे ‘दूध, तूप, मध, अंडी नसलेले पदार्थ’ असं लिहिलंय. “एवढं वाचीपर्यंत गिऱ्हाईक घरी जाईल,” असं ते म्हणाले. पण बोर्ड तोच राहिला.

नीलम टीचर डिचोलीच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मांद्र्याला आल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी दूध सोडलं. का, ते मी विचारलं नाही. एकदा त्या म्हणाल्या होत्या, “चहा सुटला, दही सुटलं, काही वाटलं नाही. पण जत्रेत जाऊन खाजं न घेता परत येणारी अख्ख्या पेडण्यात मी एकटीच असेन.” जत्रेतल्या दुकानदाराला काय काय घातलंय असं विचारलं, की तो म्हणायचा, “बाये, घेतंय तर घे, परीक्षा कित्या घेतंय?”

खाजं म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळलेल्या. जत्रेहून खाज्याशिवाय घरी आलेला माणूस जत्रेला गेलाच नव्हता असं आमच्याकडे समजतात. त्यामुळे हळर्णच्या सुलभाताई खाजं घेऊन दुकानात आल्या, तेव्हा मला सगळ्यात आधी टीचर आठवल्या होत्या.

सुलभाताईंचा पाच बायकांचा गट. स्कूटरवरून आल्या होत्या. परवान्याची प्रत, घटकांची यादी, लेबलाचा नमुना, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये. यादीत सहा शब्द. बेसन, गूळ, खोबरेल तेल, आलं, तीळ, मीठ. माझ्या इतक्या दिवसांच्या नोकरीत इतकी स्वच्छ यादी आली नव्हती. दहा मिनिटांत मी सही केली.

ठरलं असं की महिनाभर माल ठेवून बघायचा. खपला तर दर आठवड्याला एक खोका, वर्षभर. त्या ‘वर्षभर’ या शब्दावर सुलभाताई थांबल्या होत्या.

“पावसात पण?” त्यांनी विचारलं.

“पावसात पण.”

“जत्रा सरल्या की आमची कढई पालथी. मग चार-पाच महिने एकेक जण कुणाच्या काजींच्या बागेत, कुणाच्या शेतात. परत गट जमवूक जीव जाता.” फाइल त्यांनी छातीशी धरली होती. “पावसाचं काम मिळालं तर गट टिकतलो.”

पहिल्या आठवड्यात टीचरनी दोन पाकिटं नेली. दुसऱ्या आठवड्यात त्या तो गुळाचा प्रश्न घेऊन आल्या.

आमच्या गोडाउनमध्ये महादेव आहे. कोल्हापूरकडचा. त्याच्या चुलत्याचं गुऱ्हाळ होतं. मी त्याला विचारलं.

“आमच्यात भेंडी वापरत्यात,” तो म्हणाला. “रानभेंडीचं झाड ठेचायचं, पाण्यात घोळायचं, त्ये चिकट पाणी काहिलीत सोडायचं. सगळी घाण वर.”

“आणि दूध?”

“कोण कोण मारतंय की दुधाचा हबका. पण लई न्हाई.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “मॅडम, गुळावर पण तुमचं लेबल लावणार?”

मी उमेशबाबना सांगितलं की मी हळर्णला जाऊन येते.

“कागद बरोबर आहे ना?”

“कागद बरोबर आहे.”

“मग कित्याक जातंय?”

“गूळ कुठला ते कागदावर नाही.”

“उद्या तू उसाला विचारशील,” ते म्हणाले. पण जाऊ दिलं.

शनिवारी सकाळी पेडण्याहून पहिली बस धरली. सुलभाताईंच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. आत दोन शेगड्या, एक मोठी कढई, सुकवायला लांब पत्रा, पाकीट बंद करायचं छोटं मशीन. जमीन पुसलेली, बायकांच्या डोक्याला टोप्या. मनात म्हटलं, सही चुकलेली नाही.

गुळाच्या ढेपेच्या बारदानावर गुऱ्हाळवाल्याचा नंबर होता. मी तिथूनच फोन लावला.

“रस साफ करायला काय घालता तुम्ही?”

“भेंडी. का वो?”

“दूध?”

पलीकडचा माणूस मनापासून हसला. “ताई, दूध डेरीला जातंय. काहिलीत वतायला परवडतंय व्हय?”

याहून भक्कम पुरावा मला मिळाला नसता. तरी लेखी पाठवा म्हटलं. त्याने बिलाच्या कागदावर चार ओळी लिहून फोटो पाठवला. माझं काम झालं होतं. सुलभाताईंनी चहा आणला. दुसरी बस यायला तासभर होता. मी दाराशी स्टुलावर बसले आणि त्यांनी दिवसाचं काम सुरू केलं.

पाक चढला. आल्याचा वास सुटला. गटातल्या सगळ्यात जाणत्या शेवंतीकाकी आल्या, सत्तरीच्या असतील. त्यांच्या हातात पितळेची लहान वाटी. त्यांनी कढईपुढे डोळे मिटले, पुटपुटल्या आणि वाटीतला चमचा पाकावर उपडा केला.

“काकी, काय घातलंत?”

“घालूक नाय गो. देवीक दिलां.”

“काय दिलं?”

“तूप. पयल्या पाकाक.”

चहा माझ्या हातातच राहिला.

“सुलभाताई, यादीत तूप नाही.”

त्या खरोखरच गोंधळल्या. “तां कित्या लिवचां? तां खाज्याचां न्हय. तां देवीचां.”

त्या लपवत नव्हत्या. मला ते लगेच कळलं, कारण आमच्या घरी आई तांदूळ मापताना पहिली मूठ बाजूला ठेवते आणि मग एक, दोन मोजायला लागते. ती मूठ कधी कुठल्या मापात आली नाही. तिला विचारलं, की किती शेर, तर ती मूठ सोडूनच सांगणार. आणि त्यात ती खोटं बोलली असं कुणी म्हणणार नाही.

पण माझं शेल्फ आईचं माप नव्हतं. दिवसाला पाच पाक होतात. पाचही पाकांचं खाजं एकाच पत्र्यावर सुकतं आणि एकत्रच पाकिटांत जातं. कुठलं पाकीट पहिल्या पाकाचं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणजे शेल्फवरची सगळीच पाकिटं गेली. टीचरनी नेलेली दोनही.

शेडच्या मागे जाऊन मी उमेशबाबना फोन केला.

“तूप? किती?”

“एक चमचा. दिवसाला.”

“आणि माल किती निघतो?”

“पंधरा-वीस किलो.”

“मग? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय. आता टीचरना तुम्ही सांगा, एकच चमचा आहे म्हणून.”

डिचोलीच्या शाळेत नीलम टीचरनी उमेशबाबना चौथीत गणित शिकवलेलं आहे.

“काढ तो माल,” ते म्हणाले.

“दुसऱ्या शेल्फवर ठेवू? लेबलावर तूप लिहून?”

“तिथे आधीच तीन जणांचं खाजं आहे. चौथं धूळ खाईल. त्यांना सांग, तुपाशिवाय जमत असेल तर ठेवतो. नाही तर नाही.”

मी आत येऊन जसंच्या तसं सांगितलं. पाचही जणी थांबल्या. मशीनवरच्या प्रमिलाने हात पुसले.

सुलभाताई म्हणाल्या, “मग तूप बंद करूया.”

“बंद?” शेवंतीकाकी म्हणाल्या. “दुकानात बसूक मिळता म्हणून?”

“काकी, पावसाचं काम आसा.”

“माका ठावक आसा.”

प्रमिलाने मध्येच म्हटलं, “काकी, वाटयेंत खोबऱ्याचां तेल घाला. देवीक कळूचां नाय.”

“तिका कळूचां नाय,” काकी म्हणाल्या. “माका कळतलां.”

कुणी हसलं नाही. थोड्याच वेळापूर्वी उमेशबाबना मी जे सुनावलं होतं, तेच काकी बोलल्या होत्या. आता त्यांना ‘सोडा ते तूप’ म्हणायला माझं तोंड राहिलं नव्हतं. सुलभाताई फाइल उघडून नुसत्याच कागद बघत होत्या. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या कामात बॅच नावाची गोष्ट असते. बॅच म्हणजे एक घाणा, एका वेळी बनलेला माल. काही बिघडलं, की आधी विचारायचं, ही बॅच कुठे गेली. सवयीने मी तेच विचारलं.

“काकी, गट नव्हता तेव्हा पहिल्या पाकाचं खाजं कुठे जायचं?”

“खंय जातलां? जत्रेंत दुकान मांडलां की पयलो येता तेका. पोरांक. घरा.”

“विकायचा नाहीत?”

“पयलो पाक इकतत?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही भलतं बोलले. “तो देवीचो. तो इकूचो नसता.”

सुलभाताईंनी फाइल मिटली.

“काकी, आता तर आपण विकतो.”

“माका कोणे इचारलां? तुमी मशीन हाडलां, पाकिटां हाडलीं. पयल्याचां, दुसऱ्याचां सगळां एका पत्र्यार घातलां. मी आपलां पयल्याक तूप दितच रवलंय.”

प्रमिला हळूच म्हणाली, “खोका भरूक व्हयो होतो.”

म्हणजे चूक तुपाची नव्हतीच. काकींच्या रिवाजाप्रमाणे पहिला पाक विक्रीत यायलाच नको होता. गट झाला, खोक्याची घाई झाली, आणि अर्धा रिवाज राहिला, अर्धा सुटला.

पुढचं काम सोपं होतं, पण मी ते सोपं होऊ दिलं नाही. पहिला पाक त्याच कढईत करून नुसता बाजूला ठेवून चालणार नव्हतं. तूप कढईला धरून राहतं, झाऱ्याला धरून राहतं. मी म्हटलं, कढई वेगळी, झारा वेगळा, पत्रा वेगळा, पुसायचं फडकंही वेगळं. आणि जागासुद्धा शेडच्या बाहेर.

“माझी न्हानगी कढय आसा,” काकी म्हणाल्या. “माझ्या चुलीर करीन. तां सरलां की हात धुवन हांगा येयन.”

“साबणाने,” मी म्हटलं.

“साबणान,” त्या म्हणाल्या. मग प्रमिलाकडे वळून, “मास्तरीण आयली आमकां.”

सुलभाताईंनी वहीत तारीख घालून सगळं लिहून घेतलं आणि पाचही जणींच्या सह्या घेतल्या. मी सांगितलं की मी न कळवता येईन. एकदा नाही, तीनदा. आणि तोपर्यंत शेल्फ रिकामं राहील.

सगळ्यात अवघड फोन मी बसमधून केला.

“टीचर, गूळ चांगला आहे. त्यात दूध नाही.”

“पण?” त्या म्हणाल्या. इतकी वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला पुढचा ‘पण’ आधीच ऐकू येतो.

मी सगळं सांगितलं. सही माझी होती, हेही सांगितलं. बस इब्रामपूरच्या फाट्याला थांबली, माणसं चढली, उतरली.

“दोन्ही पाकिटं संपली गं माझी,” शेवटी त्या म्हणाल्या.

“माझी चूक आहे, टीचर.”

“वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.” मग म्हणाल्या, “तू कळवलं नसतंस, तर मी खातच राहिले असते. माझ्या नवऱ्याला मात्र सांगू नको. तो चार वर्षं याचीच वाट बघतोय.”

दुकानात आल्या आल्या मी पाकिटं उतरवली. काउंटरवर कागद लावला. हळर्णच्या खाज्यात तूप आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी परत आणावं. सात पाकिटं परत आली, त्यातली तीन अर्धी. एका परदेशी बाईने कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडून तूप देवीला का देतात हे समजून घेतलं. पाकीट परत दिलं आणि जाताना आणखी दोन वेगळ्या वस्तूंचं लेबल माझ्याकडून तपासून घेतलं. रिकाम्या जागेकडे बघून उमेशबाब रोज एकदा उसासा टाकायचे, पण तिथे दुसरं काही ठेवलं नाही.

मी हळर्णला तीनदा गेले. दुसऱ्या वेळी तर वार बदलून, सकाळी साडेसहाला. काकींच्या घरी चुलीवर लहान कढई होती आणि ओट्यावर शेजारची तीन मुलं खाजं खात बसली होती. शेडला तेव्हा कुलूप होतं. काकी हात धुवून, पदराला पुसायला गेल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मग हात तसेच हवेत सुकवत शेडकडे निघाल्या.

महिनाभराने हळर्णचं खाजं परत शेल्फवर आलं. टीचर आल्या. घटकांची यादी वाचली. माझ्याकडे बघितलं.

“पहिला पाक?”

“विकत नाहीत.”

“गूळ?”

“भेंडीचा. लेखी आहे. दाखवू?”

“दाखव,” त्या म्हणाल्या. मी फोटोची छापलेली प्रत पुढे केली. त्यांनी गुऱ्हाळवाल्याच्या चार ओळी वाचल्या, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पाकीट काउंटरवरच फोडलं आणि एक कांडी मोडून खाल्ली.

“आलं जरा जास्त आहे,” त्या म्हणाल्या आणि तीन पाकिटं घेतली.

आता जुलै आहे. जत्रा केव्हाच सरल्या. सुलभाताईंचा खोका दर शुक्रवारी येतो, रेनकोटात गुंडाळून. गट पाच जणींचा होता, आता सहा जणी आहेत. परवानगीच्या चिन्हासाठी आम्ही मिळून अर्ज भरतोय. त्याला वेळ लागेल, पण सुलभाताईंच्या फाइलमध्ये जागा आहे. खोक्यावर कधीकधी वर्तमानपत्रात बांधलेली वेगळी पुडी असते. ती माझी. त्यावर लेबल नसतं, कारण ती विकायची नसते, आणि त्यात तूप असतं. मला चालतं.

यातून मी काय शिकले, तर इतकंच. माणसं जे मुद्दाम घालतात ते लिहितात. जे रोजच घालतात ते लिहायचं राहून जातं. म्हणून माझ्या फॉर्मवर आता घटकांच्या यादीखाली एक नवी ओळ आहे: ‘सकाळी काम सुरू करताना सगळ्यात आधी काय करता?’ बहुतेक उत्पादक तिथे ‘चहा पितो’ असं लिहितात. मग मी फोन करून विचारते, दुधाचं पातेलं कढईपासून किती लांब असतं.